माझ्या ओरडण्याचा माफीनामा तिनं लिहिला

मित्रहो, आज दुपारी चिखलीच्या एका दवाखान्यात आईची सलाईन संपली आणि नळीत रक्त चढलं. वॉर्डात सव्वीस पेशंट, सिस्टर एकच. बारावीला ती माझ्याच वर्गात होती. पुढं मी कॉलेज अर्धवट सोडलं, ती नर्सिंग शिकली. सगळे तिला सिस्टर म्हणतात, तिला हाक मारताना माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. समजून घ्या.

तिनं धावत येऊन नळी बंद केली, पण माझं डोकं फिरलं होतं. काउंटरवर जाऊन ओरडलो, "एवढ्या पेशंटले एकच सिस्टर काऊन ठेवता?"

मॅनेजर वॉर्डात आला आणि तिलाच म्हणाला, "नातेवाइकांची तक्रार आहे. माफीनामा लिहून द्या."

"माही तक्रार तिची नाही, तुमची हाये!" मी म्हटलं. त्यानं ऐकलंच नाही. तिनं उभ्यानंच लिहून दिलं.

मग नवी बाटली लावताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू बोलून मोकळा झाला रे. माह्या नावावर हा तिसरा कागद हाये. आता काढतीन मले."

उद्या मी मॅनेजरविरुद्ध लेखी तक्रार देणार होतो. पण तीही तिच्याच नावावर चढली तर? दवाखान्यात काम करणारं कोणी इथं असेल तर सांगा, नेमकं काय लिहू? यावेळी विचारूनच लिहीन.