भिंगबाईने अडवलेला आकाशपाळणा

सगळे तिला भिंगबाई म्हणत, आणि त्यात चेष्टा कमी, धास्ती जास्त होती. ज्या लोखंडावर माणसांचे जीव टांगलेले असतात त्यात कुठे भेग पडली आहे का, कुठे बाक आला आहे का, हे बघणं तिचं काम. तोडून बघायला काय, कुणालाही जमतं. तुटल्यावर 'तरी मी म्हणत होतो' म्हणणारे शहाणे गल्लोगल्ली भेटतात. न तोडता, साधा ओरखडाही न उठवता भेग शोधून काढायची, खरी गंमत त्यात आहे.

ही गंमत घरच्यांना मात्र भोगावी लागे. पाहुणा आला की तो उभाच, कारण त्याची खुर्ची उलटी करून बाई तिचे पाय तपासत असायची. नवरा तिला पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा तिने त्याच्याकडे कमी आणि त्याच्या स्कूटरच्या स्टँडकडे जास्त पाहिलं. "हे मोडणार," एवढंच म्हणाली. आठवडाभरात स्टँड मोडला, स्कूटर आडवी झाली आणि तो जन्मभरासाठी तिच्या शब्दाबाहेर जाईनासा झाला.

घरात तिला न घाबरणारी एकच व्यक्ती, तिची सासू. सासूबाईंना आकाशपाळण्यात बसायचं होतं. लहानपणी वडील म्हणाले, पडशील. लग्नानंतर सासरे म्हणाले, शोभत नाही. मग मुलगा मोठा झाला आणि म्हणाला, आई, या वयात? आता सगळ्यांना पुरून उरल्यावर गुडघ्यांनी बंड पुकारलं होतं. पाळण्याची पायरी या मोसमात चढता येईल, पुढच्या मोसमाचा काही भरवसा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यात शहराच्या कडेच्या पार्कातला तो पाळणा तपासायचं काम सुनेकडेच आलं. मग काय विचारता!

"रविवारी पाळणा सुरू झाला की पहिली मी," सासूबाईंनी जाहीर केलं. आणि सुनेच्या कामात ढिलाई नको म्हणून त्या डबा घेऊन तिच्याबरोबर पार्कात हजर झाल्या.

पाळण्याच्या प्रत्येक पेटीला वरून तोलून धरणारी मनगटाएवढी जाड पिन असते. पार्कातल्या मिस्त्रीने सगळ्या पिना काढून शेडमधल्या टेबलावर मांडल्या होत्या. भिंगबाईने त्या पुसल्या आणि त्यांच्यावर लाल रंग फवारला. हा रंग भेगेत मुरतो. मग वरचा रंग हलक्या हाताने पुसायचा आणि पांढरी पूड मारायची. भेग असेल तर आत दडलेला लाल रंग पुडीवर उमटतो आणि चोर आपण होऊन बाहेर येतो.

"आई, रंग मुरू द्या. कशाला हात लावू नका," असं बजावून ती पाळण्याचे जोड बघायला शिडीवर चढली.

आता सासूबाईंचा उभा जन्म भांडी लख्ख करण्यात गेलेला. डोळ्यांसमोर टेबलभर लाल राड आणि हातांना काम नाही! त्यांनी बाजूला ठेवलेला, रंग काढायच्या पाण्याचा डबा उचलला, पिनांवर भडाभडा ओतला आणि फडक्याने अशा घासल्या की मिस्त्री बघतच राहिला. त्याला वाटलं, ही साहेबीण सुनेपेक्षाही वरची असणार.

भिंगबाई खाली आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, हे काय केलंत?"

"साफ केलं. आता मार तुझी पूड. बघ, एक डाग सापडला तर सांग."

"कसा सापडेल? भेगेतलासुद्धा रंग धुऊन काढलात तुम्ही! आता भेग असली तरी ती तोंड उघडणार नाही."

"मग नसेलच भेग," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज जरा खाली आला होता.

सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. या वेळी सासूबाईंना स्टुलावर बसवून हातात जेवणाचा डबा दिला, म्हणजे हात गुंतलेले राहतील. रंग मुरला, पुसला, पूड पडली. टेबल पांढरंशुभ्र झालं. भिंगबाई एका टोकाकडून भिंग लावून निघाली. दुसऱ्या टोकाला सासूबाईंचा घास हातातच राहिला. तिथल्या पिनेवर केसाएवढी लाल रेघ उमटत होती.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती अजून लांब होती. डबा त्या पिनेवर टेकवला असता तर पूड सहज पुसली गेली असती. मोह झाला, खोटं कशाला बोला?

"अगं ए," शेवटी त्या करवादल्या, "इकडे ये. मेली इथे आहे."

त्या पिनेवर नापास झाल्याचा लाल ठिपका पडला. एक पेटी कमी करून चाक फिरवलं तर तोल जातो, म्हणून नवी पिन घडून येईपर्यंत पाळणा बंद. रविवार हुकला. मालकाने बरीच आदळआपट केली, पण भिंगबाई ढिम्म. घरी सासूबाई गाल फुगवून बसल्या. मीठ हवं असेल तरी मुलाकडून मागवत. पण शेजारीण म्हणाली, "तुमची सून जरा अतीच करते नाही?" तेव्हा त्यांनी तिला असं फैलावर घेतलं की ती चहा अर्धा टाकून गेली. आतल्या खोलीत भिंगबाईला सगळं ऐकू आलं. तिला फार बरं वाटलं.

नवी पिन आली, तपासली, तिच्यावर हिरवा ठिपका पडला. संध्याकाळी सासूबाई मिस्त्रीचा हात धरून, गुडघ्यांना शिव्या घालत पायरी चढल्या आणि पेटीत बसल्या. शेजारची जागा थोपटून म्हणाल्या, "चल."

"मी खालूनच बघते, आई."

"का?"

भिंगबाईने वरच्या पिनेवरून नजर फिरवली. इतकी वर्षं पाळणे पास केले, पण बसली कधीच नव्हती. लोखंडाच्या पोटात काय काय दडलेलं असतं हे माहीत असलेल्या माणसाची पाचावर धारण बसते.

"ज्यात तू बसत नाहीस, त्यात मला बसवतेस?" सासूबाईंनी विचारलं. चिडून नाही, साधंच.

भिंगबाई पायरी चढली. ती बसली. दांडी घट्ट धरली. चाक फिरलं, पेटी वर निघाली तशी तिची नजर सवयीने एकेका जोडावर फिरू लागली. पेटी पार माथ्यावर गेली आणि चाक थांबलं, खाली कुणीतरी चढत होतं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या दंडात नखं रुतताहेत. सासूबाईंचे डोळे गच्च मिटलेले होते, ओठ पांढरे पडले होते.

"आई, उघडा ना डोळे."

"जमत नाही गं. तू बघ. बघ आणि सांग मला."

हातभर अंतरापलीकडे बघायची जिला सवय नाही, तिने मान वर केली. "पूल दिसतोय," ती म्हणाली. "नदी केवढीशी झालीय! ती आपली गल्ली. आई, आपली गच्ची दिसतेय. निळी चादर काढायची राहिलीय वाळत." सांगता सांगता तिने दांडी सोडली आणि दोन्ही हातांनी सासूबाईंचा हात धरला. चाक सुरू झालं तरी ती सांगतच होती.

जमिनीला टेकल्यावर सासूबाईंनी डोळे उघडले, केस सारखे केले आणि रुबाबात उतरल्या.

"काय दिसलं का आजी वरून?" मिस्त्रीने विचारलं.

"न दिसायला काय झालं? पूल, नदी, सगळं! आमच्या गच्चीवरची निळी चादरसुद्धा."

एवढ्या लांबून चादर? मिस्त्रीने खात्री करून घ्यायला भिंगबाईकडे पाहिलं. तिच्या तोंडून कधी कच्चा शब्द निघत नाही, हे त्याला माहीत होतं.

"हो," भिंगबाई म्हणाली, "आईंनीच दाखवली मला."