दुर्गच्या अलीकडे चार कोअर

चार कोअर पुरतात की नाही, या एका प्रश्नाने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून या यंत्रातलं मला सगळं कळतं असा आमच्या घरचा समज आहे. खरं म्हणजे मी सहावीच्या मुलांना माऊस कुठला आणि मॉनिटर कुठला एवढंच सांगते, आणि ते त्यांना माझ्याआधीपासून माहीत असतं. गेमसाठी किती कोअरचा प्रोसेसर घ्यावा, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आणि विचारणारा माणूस माझा सत्तरीला टेकलेला बाप निघेल, असं तर स्वप्नातही आलं नव्हतं.

बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. मूळचे गोंदियाकडचे, पण सगळी नोकरी दुर्गला झाली, आणि पुढे भिलाईत कोहक्याला घर बांधून आम्ही तिघं तिथे राहू लागलो. एक दिवस त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. कुणा हौशी माणसाने गोंदिया ते दुर्ग ही लाइन जशीच्या तशी गेममध्ये उभी केली होती. तीच स्टेशनं, तेच पूल, तेच सिग्नल. बाबांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि मला हाक मारली.

"हे मले चालवता येते का?"

"येते. पण आपला कॉम्प्युटर जुना आहे."

"मग नवा पाहा."

यात हसण्यासारखं खूप होतं, पण मला हसू आलं नाही, आणि त्याला कारण होतं. आमच्याकडे ड्रायव्हरची शेवटची ट्रिप म्हणजे लग्नाइतका मोठा कार्यक्रम. इंजिनाला झेंडूच्या माळा घालतात, प्लॅटफॉर्मवर ढोल वाजतो, बायको-पोरं नटूनथटून उभी असतात. गाडी येते, ड्रायव्हर खाली उतरतो, आणि त्याला हारांनी पार झाकून घरी नेतात. बाबांची ही ट्रिप झालीच नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं असताना मेडिकलमध्ये त्यांचे डोळे नापास झाले आणि दुसऱ्या दिवसापासून इंजिन बंद. उरलेली दोन वर्षं त्यांनी लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या हजेरीच्या ऑफिसात, टेबलावर बसून दुसऱ्या ड्रायव्हरांच्या ड्युट्या लिहिल्या. आईने त्या दिवसासाठी आधीच घेऊन ठेवलेली करवतकाठी साडी घडी न मोडता कपाटात राहिली. बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांना दुर्गला गाडी आणायची होती, बस. स्क्रीन हातभर अंतरावर असली की चष्म्यातून त्यांना छान दिसतं.

तर मी वाचायला बसले, आणि माझं डोकं फिरलं. एक म्हणे गेमिंगला चार कोअर भरपूर झाले. दुसरा म्हणे चार कोअर म्हणजे आता भंगार. तिसरा म्हणे कोअर मोजू नका, वेग पाहा. आणि सगळे असे छातीठोक बोलत होते, जणू गेम यांनीच लिहिला असावा. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, खेळणारा कोण आहे आणि खेळणार काय आहे.

शेवटी बाबांना स्कूटीवर बसवून सुपेल्याच्या एका दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, चार कोर का जमाना गया. छह लो, आठ लो, टेन्शन खतम."

"भैया, ये चारों अंदर करते क्या हैं?" बाबांनी विचारलं.

"काम बाँट लेते हैं."

"सब को बराबर?"

दुकानदार जरा घुटमळला. "वो तो गेम पे है. कई गेम में एक ही ज़्यादा खिंचता है."

झालं. बाबांना हवं ते मिळालं. परत येताना ते मागे बसून माझ्या कानात ओरडत होते, "दरेकसाच्या चढावर मालगाडीले मागून इंजिन लावते, ते ढकलाले. सपाटीवर चार इंजिन लावून का फायदा? गाडी चारपट पळते का? एकच चांगलं इंजिन पायजे. बाकीचे तीन नुसते डिझेल पिऊन राहतीन."

"बाबा, हेल्मेट नीट धरा."

"मले शिकवून राहिली!"

सर्वांत जास्त चीड कशाची आली सांगू? ते अर्धे बरोबर होते. मी पुन्हा वाचलं तर कळलं, की या रेल्वेच्या गेममध्ये बहुतेक भार एकाच कोअरवर पडतो. कॉम्प्युटर उघडायलाही जो मला हाक मारतो, त्या माणसाने दोन मिनिटांत दुकानदाराच्या तोंडून ते काढलं, आणि मी तीन आठवडे डोळे फोडत बसले होते. मग त्यांच्याच हट्टाने चार कोअरचा, पण वेगवान असा कॉम्प्युटर घरात आला. बैठकीत जिथे टीव्ही होता तिथे तो बसला, आणि आईच्या मालिका आतल्या खोलीत गेल्या.

गाडी सुंदर चालली. आमगाव, सालेकसा, मग चढ, मग डोंगरगड. बाबा स्टूलवर ताठ बसून प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हणायचे, जसे इंजिनात म्हणतात. आईने डबा भरून दिला तर तो ठरलेल्या स्टेशनावरच उघडायचे. घाई नाही, गेममधली वेळ पळवणं नाही. मी म्हटलं, मधला भाग गाळता येतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना रूळ उखडायला सांगितलं होतं.

पण दुर्ग हे जंक्शन आहे. तिथे रूळच रूळ, आणि प्रत्येक रुळावर काही ना काही उभं. ते सगळं एकदम हलवायची वेळ आली की आमचे चार कोअर माना टाकायचे. चित्र अडखळायचं, आवाज तुटायचा. आणि एक दिवस सगळंच थांबलं.

त्या दिवशी मी शाळेतून अडीच वाजता घरी आले. बाबा स्टूलवर, डबा रिकामा, हात हँडलसारख्या धरलेल्या माऊसवर. समोर दुर्गचा होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा शेवटचा. लाल.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"साडेबारापासून उभा आहे."

मी माऊस हलवला. काही नाही. कीबोर्ड दाबला. काही नाही. स्क्रीनवरचा धूर हवेत जसाच्या तसा टांगलेला होता. गेम दोन तासांपूर्वीच मेला होता आणि हा माणूस त्याच्यासमोर पहारा देत बसला होता.

"बाबा, हे हँग झालं आहे! तुम्हाला समजलं कसं नाही? आवाज बंद, काही हलून नाही राहिलं!"

"सिग्नल लाल आहे," बाबा म्हणाले. "लाल असला का थांबाचं. कावून लाल आहे, हे ड्रायव्हर नाही विचारत."

"दोन तास?"

"डोंगरगडले एकदा सात तास थांबलो होतो."

आतून आईचा आवाज आला, "मी सांगून राहिली होती, माहा ऐकते कोण! म्हणे मधात बोलू नको, ड्युटीवर आहे."

मी तिथेच खाली बसले. मला संताप आला होता, आणि रडूही येत होतं, आणि कशाचं ते नीट सांगता आलं नसतं. एवढ्या नोकरीत या माणसाने लाल दिव्यापुढे हेच केलं असेल. आम्ही घरी ताटं वाढून बसलेले असायचो.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच दुकानात गेले आणि सहा कोअरचा प्रोसेसर घेतला, तोही जास्त वेगाचा. त्याच्यासोबत बोर्ड बदलावा लागला, बोर्डासोबत आणखी काय काय. दुकानदार म्हणाला, "मैंने तो पहले ही बोला था, दीदी." या वाक्यासाठी माणसाला शिक्षा का होत नाही कोण जाणे. आज मला कोणी विचारलं, तर मी सांगेन: साधा खेळ खेळायचा असेल तर चार कोअर पुरतात, डोंगरगडपर्यंत मजेत पोहोचाल. दुर्गला शिरायचं असेल तर घेऊ नका.

नवं बसल्यावर बाबांनी जाहीर केलं, की रविवारी ते गाडी दुर्गला आणणार. चार चाळीसला. "तुम्ही दोघी पायजे," एवढंच म्हणाले. मला शाळेत पालकसभा होती. मी म्हटलं, सोमवारी आणा. तर म्हणे टाइमटेबल लागलं, आता बदलत नाही.

इथे मला आमच्या घरातली जुनी जखम सांगितली पाहिजे. मी पाच-सहा वर्षांची असताना आई मला घेऊन राजनांदगावला एका लग्नाला गेली होती. परतीची गाडी बाबाच चालवत होते. आम्हाला स्टेशनात यायला उशीर झाला. आई एका हातात पेटी, दुसऱ्या हातात मी, अशी प्लॅटफॉर्मवरून धावत होती. बाबांनी इंजिनातून मान बाहेर काढून आम्हाला पाहिलं. सिग्नल हिरवा होता, गार्डाने झेंडी दाखवली होती. ते निघून गेले. पुढच्या गाडीपर्यंत आम्ही पाच तास बाकावर बसलो. आईने हे त्यांना आजवर किती वेळा ऐकवलं असेल त्याची मोजदाद नाही, आणि दरवेळी उत्तर एकच, "सिग्नल हिरवा होता. मी का करू?" माझा दहावीचा निकाल, माझ्या आजीचं जाणं, बाबा दरवेळी गाडीवर होते, आणि ते सगळं याच एका वाक्यात बसवलेलं आहे.

पालकसभा लांबली. एका आईला तिच्या मुलाचे मार्क मान्य नव्हते. सेक्टर सहामधल्या शाळेतून निघाले तेव्हाच चार वाजून गेले होते, आणि रेल्वेच्या अंडरब्रिजमध्ये एक ट्रॅक्टर आडवा झाला होता. हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखला. सव्वापाचला घरात शिरले ती भांडायच्या तयारीनेच. येऊन गेली असेल गाडी. कोणासाठी थांबली आहे कधी?

बैठकीत दोघंही बसले होते. स्क्रीनवर गाडी उभी. दुर्गचा होम सिग्नल समोर.

"पुन्हा?" मी पर्स सोफ्यावर आपटली. "सहा कोअर घेऊन पुन्हा हँग? आता जातेच मी त्या दुकानदाराकडे!"

"हँग नाही झालं," बाबा म्हणाले.

खरंच नव्हतं झालं. बाजूच्या रुळावरून एक मालगाडी धडधडत गेली. झाडं हलत होती. आणि सिग्नल हिरवा होता.

"बाबा, सिग्नल तर हिरवा आहे."

"हो. चार अडतीसपासून हिरवाच आहे."

"मग उभे कावून राहिले?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. नजर समोर, हात ब्रेकच्या बटणावर.

"तू नव्हती आली ना," ते म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल, राजनांदगाव काढेल असं वाटलं. तिने ती करवतकाठी साडी नेसली होती, घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. तिने सरकून मला जागा करून दिली.

मी चपलाही न काढता तिच्याजवळ बसले. बाबांनी सिग्नल मोठ्याने म्हटला, ब्रेक सोडला, आणि गाडी हलली.

"आता लेट लागंल तुम्हाले," मी म्हणाले.

"लागू दे," बाबा म्हणाले.