योद्ध्याचा मागचा पाय

ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकातल्या एका चित्रात ड्रॅगनवर तलवार उगारलेला एक योद्धा आहे. त्याच्या मागच्या सोनेरी ढगांत मी तासन्‌तास हरवते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला खरं तर चित्रकला शिकायचीय, पण बाबांना सांगायचं धाडस होत नव्हतं.

काल दगडखाणीवरून आलेले बाबा त्या चित्रावर वाकले. ड्रॅगनकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"मागचा पाय बघ याचा. घण उचलताना असाच रोवावा लागतो. हे चित्र काढणारा नुसता बसून खाणारा नाय."

स्वप्नातल्या माणसालाही उभं राहायला खरी जमीन लागत असावी. त्या दूरच्या चित्रकाराला ती ठाऊक होती, आणि बाबांनाही.

पान न उलटता बाबांनी विचारलं, "असं काढायला कुठं शिकवतात गं?"