वकीलसाहेबांनी चालवलेला शाळेचा खटला

नल्लकुंट्यातल्या तमाम लहानथोरांस, तांगेवाल्यांस आणि गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या समस्त भगिनींस कळविण्यात येत आहे की, वकीलसाहेबांची कन्या शाळेत जाणार आहे! ही दवंडी आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी स्वतःच फाटकात उभं राहून दिली होती. निजामाचं राज्य जाऊन काहीच महिने झाले होते. सगळं शहर नव्या सरकारबद्दल बोलत होतं, आणि आमची गल्ली सहा वर्षांच्या चिमीबद्दल.

एवढा बोलका माणूस हैदराबादेत त्याआधी झाला नाही आणि नंतर होणार नाही. साध्या गोष्टीचा खटला केल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. भाजीवालीच्या वांग्यांचीसुद्धा ते उलटतपासणी घेत. कोर्टात फर्डं उर्दू, घरात दख्खनीत बुडवून काढलेलं मराठी. मराठी वर्तमानपत्र रोज घेत, पण वाचून दाखवायचं मी. मी तेव्हा कॉलेजात होतो. "वकिलानं ऐकायचं असतं मियाँ, वाचायला मुनशी असतो," म्हणायचे. शिवाय त्यांचा चष्मा कायम हरवलेला असे, बहुधा त्यांच्याच कपाळावर.

शाळेच्या खटल्यातही मुनशी मीच. आम्ही तांग्यात बसलो, मधे चिमी. वहिनी दारातून म्हणाल्या, "कुठंही घाला, पण पोरीला मराठी वाचता आलं पाहिजे. घरात एक नमुना आहे तेवढा पुरे." मला वाटलं, नवऱ्याच्या वकिलीवर बोलताहेत.

सरकारी शाळेत वकीलसाहेब अगदी माहेरी आल्यासारखे खुलले. ते स्वतः सरकारी शाळेतच उर्दूत शिकलेले. पण तिथल्या उस्तानीबाई म्हणाल्या, "अभी तो उर्दू में पढ़ाते, वकीलसाब. अगले साल का अल्ला जाने." खटला पुढं ढकलला. सिकंदराबादच्या मिशनच्या शाळेत पियानो होता, चकचकीत बुटांच्या रांगा होत्या. वकीलसाहेब भारावले, पण उलटतपासणी चुकली नाही. "मदर, पोरींनी रडायचं कोणत्या भाषेत?" मी भाषांतर केलं. मदर शांतपणे म्हणाल्या, "इंग्रजीत." चिमीनं माझा हात घट्ट धरला.

राहिली हिमायतनगरची शाळा. मराठी मंडळींनी नुकतीच काढलेली, दोन खोल्यांची. तिथं वकीलसाहेबांनी मराठीच्या थोरवीवर असं भाषण ठोकलं की पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडबाई खूष. त्यांनी पहिलीचं पुस्तक पुढं केलं. "यातला एखादा धडा तुम्हीच वाचून दाखवा ना मुलांना."

वकीलसाहेबांनी ऐटीत पुस्तक उघडलं. मागून. उर्दू पुस्तक उघडतात तसं, जन्मभर जसं उघडलं तसं. मग चष्मा शोधू लागले. चष्मा नाकावरच होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि रोजचं ते वर्तमानपत्र, वहिनींचा तो नमुना, सगळं मला एकदम कळलं. मी हात पुढं करणार तोच चिमीनं पुस्तक घेऊन हळूच फिरवलं. "अप्पा, इकडून," म्हणाली आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवून उभी राहिली.

आता वकीलसाहेब नाहीत. चिमीला नातवंडं आहेत. पण ते इवलंसं बोट मला अजून दिसतं.  त्या दिवशी वकीलसाहेबांनी त्याच्या शेजारी आपलंही बोट टेकवलं. मग हेडबाईंकडं वळून बोलून गेले,

"बाई, दोघांना घेता का?"