तारेच्या मधे बसलेला माणूस

गुपितं पोटात ठेवण्याची स्पर्धा कुणी भरवलीच, तर माझ्या बायकोचे मामा तिच्यात पहिले येतील, आणि त्यांनी भाग घेतला होता हे बक्षीस समारंभापर्यंत कुणाला कळणार नाही. मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. आता ते उस्मानपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहतात, पण नोकरी सगळी लासूर स्टेशनच्या एक्स्चेंजवर ऑपरेटर म्हणून. त्या काळी तिथे फोन उचलला की आधी मामांचाच आवाज यायचा, ‘नंबर?’ मग मामा एका भोकातली दोरी काढून दुसऱ्या भोकात खुपसायचे आणि दोन माणसांची गाठ घालून द्यायचे. बोलणं नीट सुरू झालं का हे पाहायला त्यांना क्षणभर कान लावावा लागे. बाजारपेठेचं गाव. कापसाचा भाव, मुलीचं स्थळ, भावाभावांची कोर्टकचेरी, सगळं त्या क्षणभराच्या चाळणीतून जायचं. “कानात गेलं ते गेलं. ते बाहेर काढायचं नाय,” असं मामा म्हणतात आणि त्यांनी ते काढलेलं नाही. फार काय, मामींच्या वडिलांनी गंगापूरच्या एका सोयऱ्याला फोन करून ‘हा ऑपरेटर मुलगा आपल्या पोरीसाठी कसा वाटतो’ असं विचारलं होतं, तो फोनसुद्धा मामांनीच लावून दिला होता. सोयऱ्यानं काय सांगितलं, हे मामी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून विचारताहेत. मामांचं उत्तर बदललेलं नाही. “ते बोलणं तुझ्या वडलांचं. त्यांची परवानगी आण.” वडील जाऊन आता पंचवीस वर्षं झाली. मामी अजून विचारतात.

स्वतःबद्दलची एकच गोष्ट मामा उघडपणे सांगत. ती म्हणजे सबंध नोकरीत त्यांच्या हातून एकही नंबर चुकला नाही. घरात पाहुणा आला की पाण्याच्या पेल्यामागोमाग हे वाक्य यायचं. आमच्या लग्नात मुलाकडच्यांशी ओळख करून देताना कुणी शिक्षण सांगितलं, कुणी शेती सांगितली. मामांनी माझ्या वडिलांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “एक नंबर चुकला नाय.” माझे वडील मान डोलावून “वा” म्हणाले. नंतर घरी येऊन त्यांनी मला विचारलं की हे गृहस्थ मटक्याबद्दल तर बोलत नव्हते ना.

असा माणूस मोबाइलशी कसा वागेल, याचा अंदाज आपण बांधू शकतो, पण तो कमीच पडतो. मामांकडे बटणांचा साधा फोन आहे आणि तो तांदळाच्या स्टीलच्या डब्यात असतो. फोन ऐकतो, आणि तांदळात ठेवला की त्याला कमी ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. फोन वाजला की डबा थरथरतो, मामी तो कडेवर घेऊन बाहेरच्या खोलीत येतात, मामा झाकण उघडून तांदूळ झटकतात आणि तोवर फोन वाजायचा थांबतो. दुसऱ्यांच्या फोनवरही त्यांचं लक्ष असतं. कुणाचा कॅमेरा उघडा दिसला की खिशातून मामींच्या टिकल्यांचं पाकीट काढायचं आणि त्या डोळ्यावर एक टिकली चिकटवायची. माझ्या फोनवर त्यांनी आजवर वीस-पंचवीस तरी टिकल्या लावल्या असतील. मी कोपऱ्यावर वळलो की त्या काढून टाकत असे. मामींची तक्रार एवढीच की मरून रंगाचं पाकीट घेतलं की ते पहिलं संपतं.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की मामा, तुमचं असं काय आहे जे कुणी ऐकलं तर बिघडेल? मामा रागावले नाहीत. समजावण्याच्या सुरात म्हणाले, “जावईबापू, दोन माणसं बोलायला लागली की मधी तिसरा बसलेला असतोच. पहिल्यांदी मी बसायचो. मला तोंड होतं, गावात राहायचं होतं, लाज होती. आता मधी कोण बसलंय, त्याला गाव हाय का, त्याला लाज हाय का, ते सांगा.” मी विषय बदलून गाण्यांवर आणला, ती चूकच झाली.

कारण गाण्यांबद्दल मामांची मतं याहून कडक आहेत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी माझ्या फोनवर एक जुनी कव्वाली लावून दिली. मामांनी ती डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, “हे गाणं आता कुठं हाय?” मी म्हटलं, तसं ते इथे नाही, दूर कुठेतरी साठवलेलं आहे, आपण महिन्याचे पैसे भरतो आणि ऐकतो. “आन् नाय भरले तर?” मी म्हटलं, मग बंद. “म्हणजे भाड्याचं हाय,” मामा म्हणाले आणि भाडेकरूकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात कव्वाली संपली आणि फोननं आपणहून पुढचं गाणं सुरू केलं. ते निघालं बाळाला झोपवायचं अंगाईगीत. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, तिच्यासाठी बायको रोज लावायची. मामा ताठ बसले. “तुमच्या घरात लेकरू हाय, हे त्याला कुणी सांगितलं?” त्यांनी पाकीट काढलं, पण गाण्यावर टिकली कुठे लावायची हे न सुचल्यानं परत खिशात ठेवलं.

त्यांची स्वतःची गाणी कॅसेटींवर आहेत. सव्वातीनशे कॅसेटी, आणि एकीवरही गाण्याचं नाव नाही, कारण माणूस काय ऐकतो हे आल्यागेल्याला कळायचं कारण नाही. प्रत्येकीवर फक्त आकडा. कुठल्या आकड्यात काय आहे ते मामांच्या डोक्यात होतं. वयानं त्यातले निम्मे आकडे पुसले गेले, त्यामुळे हवं ते गाणं सापडेपर्यंत मामांना सात-आठ कॅसेटी ऐकाव्या लागतात. गुप्तता आता त्यांच्यापासूनही पाळली जाते आहे, आणि याबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

राजकारणात तर मामांचा पक्ष कोणता, हे खुद्द पक्षांनाही माहीत नाही. ते सगळ्यांच्या सभांना जातात आणि सगळीकडे सारख्याच टाळ्या वाजवतात. दारात कुणीही मत मागायला आलं की “व्हय व्हय, आपलंच हाय” म्हणतात. मतदान करून आले की शाई लागलेल्या बोटाला पट्टी बांधतात. “मत झाकलेलं असतं म्हणून ते मत. उघडं केलं की घोषणा झाली.” शहराच्या जुन्या-नव्या नावावरून कट्ट्यावर वाद पेटला की मामा फक्त ‘आपलं गाव’ म्हणतात, आणि पत्राच्या पाठीवर शहराचं नाव न घालता नुसता पिनकोड लिहितात. पत्रं पोचतात. एका वर्षी मात्र त्यांना एका पुढाऱ्याकडून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मेसेज आला. आपली जन्मतारीख यांना कळली कशी, याचा जाब विचारायला मामा त्या संपर्क कार्यालयात गेले आणि यादीतून नाव खोडल्याशिवाय उठणार नाही म्हणून बसून राहिले. कार्यकर्त्यांना वाटलं, म्हातारा प्रेमानं आलाय. त्यांनी शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी चौकात पंधरा फुटी फ्लेक्स लागला. त्यावर मामा, खाली नाव, वय आणि ‘आमचे निष्ठावंत’. फ्लेक्स उतरेपर्यंत मामा भाजीला उलट्या बाजूनं, रेल्वे स्टेशनकडून वळसा घालून जात होते.

अशा माणसाला मित्र असणं कठीण. पण एक आहे. उस्मानपुऱ्यातच भाईंचं कॅसेटचं दुकान होतं. आता पुढचा भाग त्यांच्या मुलानं मोबाइलच्या कव्हरांना घेतलाय. मागे पडद्याआड एक डेक, भिंतभर कॅसेटी आणि भाई. दर गुरुवारी दुपारी मामा तिथे जातात. मामांचे गुडघे दुखायला लागल्यापासून मी त्यांना स्कूटरवर सोडतो आणि कधीकधी बसतो. दोघं फारसं बोलत नाहीत. एकजण टेप चिकटवतो, दुसरा पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळतो. भाई मूळचे लासूर स्टेशनचेच, पण त्या काळाबद्दल मी दोघांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी भाई डेकचं हेड स्पिरिटच्या कापसानं पुसत होते. त्यांना बायपास सांगितली होती, पुढच्या मंगळवारी. पुसता पुसता वर न बघता ते म्हणाले, “बाबू, एक बात पूछनी थी. चाळीस वर्षं विचारलं नाही. तुमचा उसूल मालूम आहे मला. पण मंगळवारी छाती उघडणार आहेत, तर म्हटलं विचारून घ्यावं.”

मामांनी पेन्सिल थांबवली.

भाईंच्या वडिलांची लासूरला धान्याची आडत होती. मुलानं तिथे बसावं ही इच्छा. मुलगा गाण्यांच्या नादानं शहरात आला आणि दुकान टाकलं. गाणी विकणाऱ्याला माझ्या घरात जागा नाही, असं वडील म्हणाले आणि बोलणं संपलं. भाईंनी एक पत्र टाकलं होतं, त्यात शेजारच्या मेडिकलचा फोन नंबर लिहिला होता. “अब्बा गुजरेपर्यंत, बाबू, मी रोज त्या मेडिकलवाल्याला विचारायचो. माझ्यासाठी काही फोन? रोज नाही म्हणायचा. आखिर तो चिढने लगा. लासूरहून फोन लागायचा तो तुमच्याच हातून. अब्बांनी कधी माझा नंबर मागितला होता का? हां या ना, एवढंच सांगा.”

मी जमिनीकडे बघत होतो. मामांचं उत्तर मला पाठ होतं. स्वतःच्या बायकोसाठी जे पंचेचाळीस वर्षांत मोडलं नाही, ते तत्त्व भाईंसाठी मोडणार नव्हतं, आणि मला त्या क्षणी मामांचा रागच आला. कुठे काय जपावं याला काही सुमार असतो. मामांनी हातातली कॅसेट अगदी शेवटपर्यंत गुंडाळली. डबीत घातली. डबी मिटली.

“मागितला होता,” ते म्हणाले.

भाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला. “कधी?”

“एकदा. स्वतः एक्स्चेंजवर आले होते. चूक माझी झाली, भाई. आकडे खाली-वर झाले माझ्याकडून. फोन पिठाच्या गिरणीत लागला. तिथल्या घरघरीत काही ऐकू येईना, त्यांनी ठेवून दिला.”

“तुमचा नंबर चुकला?”

“चुकला.”

“तुमचा?”

“माणूसच हाय मी.”

भाई हळूच म्हणाले, “फोन ठेवल्यावर अब्बा काही बोलले असतील ना? क्या बोले?”

मामांनी मान हलवली. “ते मी सांगणार नाय. ते त्यांचं खासगी हाय.”

भाई आधी हसले. खूप हसले, मुलानं पडदा सरकवून आत डोकावण्याइतके. मग चष्मा काढला आणि हातातल्या त्याच स्पिरिटच्या कापसानं डोळे पुसायला गेले, मी घाईनं रुमाल दिला. “हौ,” ते म्हणाले, “म्हणजे खरंच आले होते अब्बा.” मग त्यांनी मुलाला तीन कप चहा सांगितला, आणि मामांना म्हणाले, “बाबू, एक नंबर था जो नहीं चूकना था.” मामा म्हणाले, “व्हय.”

भाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. आता दुकानात कुणीही आलं, अगदी मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक असलं, तरी भाई त्याला मागे बोलावतात आणि मामांकडे बोट दाखवून सांगतात, “इनों हमारे अब्बा का फोन गिरणी में लगा दिए थे.” यात आता राग नाही, कौतुकच आहे. अब्बांनी फोन लावला होता, हे सांगायला त्यांना रोज नवा माणूस लागतो. मामा खाली मान घालून कॅसेटी लावत बसतात. घरात पाहुणे आले की आता नुसता पाण्याचा पेला येतो, त्यामागचं वाक्य येत नाही. परवा बायकोच्या एका चुलत्यानं आपणहून आठवण काढली, की मामा, तुमचा म्हणे एकही नंबर चुकला नव्हता. मामा म्हणाले, “एक चुकला.” मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिल्या.

गेल्या गुरुवारी स्कूटरवरून घरी आणताना मला राहवलं नाही. दारात त्यांना उतरवलं आणि विचारलं, “मामा, खरं सांगा. तुमचा नंबर चुकला होता का हो?”

“नाय,” मामा म्हणाले.

“म्हणजे अब्बा आलेच नव्हते?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक्स्चेंजवरचा तो जुना ऑपरेटर होता. “ते आले का नाय आले, ते त्यांचं हाय. ते मी तुम्हाला कसं सांगू? नंबर चुकला, हे माझं. माझं मी कुणालाबी सांगीन.”

भाईंचे अब्बा एक्स्चेंजच्या पायरीपर्यंत येऊन परत गेले असतील, की आत येऊन नंबर न मागताच बसून राहिले असतील, की त्यांना मुलाची कधी आठवणच झाली नसेल, यातलं काय ते मला माहीत नाही. ते फक्त एका माणसाला माहीत आहे आणि तो सांगणार नाही. मला मात्र त्या दुपारी मी मामांवर रागावलो होतो याची फार लाज वाटली. स्वतःकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, तीही त्यांनी देऊन टाकली होती.

मामांनी सवयीनं माझा फोन मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पाकिटातली एक मरून टिकली त्यावर चिकटवून परत दिला. मी कोपऱ्यावर वळलो. ती टिकली अजून तिथेच आहे.