वजा एक

जगन मुळात साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर. परळच्या गिरणीत बापाशेजारी उभा राहून विणकाम शिकला, आणि संपात गिरणी बसली ती बसलीच, तेव्हा दादरच्या क्लासात कॉम्प्युटर शिकला. बीडीडी चाळीत त्याचं कोण कौतुक!

मग एका ऑफिसात नवा प्रोग्राम तपासायची नोकरी लागली. काम एवढंच, की काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करायचा: फाइल उघड, फाइलला कुलूप लाव, म्हणजे एकाच वेळी दुसरं कोणी लिहून आधीचं पुसणार नाही, आणि मग लिही. हुकूम थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे जायचा. जमलं तर ‘ओके’, फसलं तर वजा एक. जे उत्तर येईल ते मृणालिनीबाईंना सांगायचं, कारण प्रोग्राम त्यांचा.

पण हात पडले गिरणीचे. धागा तुटून साचा थांबला, की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, यायच्या आत गाठ मारून साचा सुरू करायचा. थांबलेला साचा दिसणं म्हणजे विणकराची नाचक्की. बापानं हेच घोटवून घेतलं होतं. इथेही कुलपाचा हुकूम मधूनच फसायचा. जगन तोच पुन्हा टाइप करायचा, मग जमायचं. "सगळं ओके, बाई." आपण खोटं बोलतोय, हे त्या शहाण्याच्या मनातही आलं नाही.

पुढे भायखळ्याच्या औषधांच्या गोदामात याच प्रोग्राममधल्या नोंदी गायब होऊ लागल्या. बाई गोदामाच्या मालकाला ठामपणे म्हणाल्या, "आमच्या जगननी तपासलंय. तुमच्याच माणसाची चूक असणार." मालकानं नोंदी करणाऱ्या बाबुराव कारकुनाला सगळ्यांदेखत झापलं आणि कॉम्प्युटरवरून उठवून खोकी उचलायला लावलं.

तरी बाईंना चैन पडेना. परत येऊन त्या जगनशेजारी बसल्या. "माझ्यासमोर करा बघू." बराच वेळ ओके येत राहिलं. मग वजा एक आलं, आणि बाई काही बोलायच्या आत जगनच्या बोटांनी तोच हुकूम पुन्हा टाकला. ओके.

"हे काय केलंत?"

"काय नाय बाई, धागा तुटला होता. जोडला."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असं किती वेळा जोडलंत, जगन?"

त्यानं कधी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गोदामात गेला आणि सगळ्यांदेखतच मालकाला म्हणाला, "साहेब, चूक आमच्या प्रोग्रामची होती. मी दडवली."

बाबुरावांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझं काय चुकलं नव्हतं ना रे?" त्यांनी हळूच विचारलं. "मी तर घरी सांगून बसलो, आता माझ्याच्यानं होत नाय म्हणून."