हात खिशात, डोळे उघडे

माझी सगळी नोकरी मिल्टरीत, खेचरांच्या कंपनीत झाली. नायक म्हणून रिटायर झालो. शाळा चौथीपर्यंत. पण जनावराच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

मधली दोन वर्षं घोड्यांच्या डेपोत काढली. तिथं घोड्या व्यायच्या आणि आमी ड्यूटीवर उभे असायचो. आमचे व्हेटरनरी कॅप्टनसाहेब एकच हुकूम द्यायचे, "हात खिशात, डोळे उघडे." जनावर कळा देतंय, पिल्लू पुढं सरकतंय, तोवर माणसानं मध्ये पडायचं नाय. सरकायचं थांबलं की हात बाहेर काढायचा.

हाच हुकूम मी घरी आणला. आमचा पाडा खर्डीच्या पलीकडं. गाय एकच, चांदी. तिची आई साप चावून मेली तेव्हा माझ्या बायकोनं, बायजानं, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. गेल्या भातकापणीत चांदी पहिल्यांदा व्यायला झाली. सकाळी न्याहारीच्या टायमाला पाणमोट फुटली. मी खाट गोठ्याच्या दारात ओढली आणि बसलो.

"अवो, कायतरी करा ना."

"करतोय. बघतोय."

"बघायला अख्खा पाडा आलाय. मिल्टरीत पण असंच बघत बसायचे काय?"

"हो. त्याचाच पगार होता."

दोन पुढचे पाय आणि त्यांच्यावर नाक दिसलं तर गाय आपली आपण मोकळी होते. चांदीचा एकच खूर दिसला. कळ यायची, चांदी कण्हायची, खूर तेवढाच. बायजानं न्याहारीची भांडी घासली, पाणी भरलं, तरी खूर तेवढाच. मी उठलो. साबणानं कोपरापर्यंत हात धुतला, तेल लावलं आणि आत घातला.

इथं माझ्या हाताचं सांगायला पाहिजे. बर्फातल्या पोस्टवर सामान चढवताना बिजली नावाचं आमचं खेचर वाटेवरून घसरलं. दोर माझ्या उजव्या हाताला गुंडाळलेला. बिजली खाली दरीत लोंबत होती. मागच्या जवानानं रेडिओवर पोस्टला कळवलं. उत्तर आलं, "वेट. ओव्हर." माझा हातमोजा निघून गेला होता. मी दोर सोडला नाय. मदत येण्याआधी दोरच तुटला. डॉक्टरांनी माझी बोटं वाचवली, पण त्या बोटांना गरम-थंड, मऊ-कडक काय कळत नाय.

चांदीच्या पोटात हात फिरवला. गुडघा लागतोय का नाक, सांगता येईना. डावा हात उजव्यासारखा वळत नाय. मी हात बाहेर काढला.

"बायजा, तू घाल."

"मी?"

"तुझा हात बारीक हाये. आन् जित्ता हाये."

तिनं बांगड्या काढल्या. मी चांदीच्या मानेशी उभा राहिलो.

"रिपोर्ट दे."

"आता ते काय देऊ?"

"हाताला लागतंय ते बोल गो."

"एक पाय हा. दुसरा मागं दुमडलाय. डोकं नाय लागत... थांबा. मान लागली. मान बाजूला वळलीय." मग एकदम थांबली. "अगं बाई."

"काय?"

"तोंडात बोट गेलं. चोखतंय वो!"

ती हसली. तेवढ्यात कळ आली, तिचा हात आत दाबला गेला आणि तिनं ओठ चावला. मी सांगितलं, कळ थांबली की वासरू मागं ढकल, मग तोंड धरून पुढं वळव. तिनं ढकललं. तोंड हातातून निसटलं. पुन्हा ढकललं, पुन्हा निसटलं. हुकूम बरोबर होता. ताकद कमी पडली.

फोनला रेंज खळ्यामागच्या टेकाडावरच येते. चढलो, फोन लावला. शहापूरचा जनावरांचा डॉक्टर मुरबाडकडं कॉलवर गेलेला. म्हणाला, "ओढू नका. निघालोच. थांबा."

खाली आलो तर शेजारचा किसन शेतातून आलेला. भाताचे भारे बांधायची दोरी त्यानं खुराला बांधली होती. आमच्याकडं पाय दिसला की दोरी बांधायची आणि चार गडी लावायचे, हीच रीत.

"किसन, दोरी सोड."

"काका, आतल्या आत मरंल ते."

"मान वळलीय. ओढलं तर गाय फाटंल."

"मग बसून काय व्हनार? खेचर हाय का ते तुमचं?"

मी दोरी सोडवली, खाली टाकली आणि तिच्यावर बसलो. चांदी आडवी झाली होती. बायजा तिच्यामागं गुडघ्यांवर, हात आतच. मधूनमधून सांगायची, "चोखतंय." मग म्हणाली, "हळू चोखतंय." मग सांगायची बंद झाली. मी रिपोर्ट मागितला नाय.

डॉक्टर आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्यानं वासरू मागं सारलं, दुमडलेला पाय आणि तोंड वळवून पुढं आणलं, आणि कळेबरोबर ओढून काढलं. पाडी होती. मेलेली. चांदी संध्याकाळी उठून उभी राहिली.

"ओढलं असतं तर गाय पण गेली असती," डॉक्टर म्हणाला. किसननं मान डोलावली. मला त्यानं काय बरं वाटलं नाय.

आमच्या कंपनीत खेचराच्या खुरावर नंबर असायचा. खेचर मेलं की खूर आणून दाखवायचा, मग नंबर खारीज व्हायचा. बिजलीचा खूर आणता आला नाय, ती दरीतच राहिली. तिचा नंबर मला अजून पाठ आहे. पाडीला खळ्यामागं पुरली. तिचा एक खूर मी सकाळभर बघितला होता. पिवळसर, मऊ, मातीला न लागलेला. नंबर नव्हता, नाव नव्हतं. तरी तिची आठवण मी बिजलीच्या बरोबरीनं काढतो.

चांदी दूध देते. धारेला बसायच्या आधी बायजा उजवा हात तिच्या तोंडापुढं धरते. वासरू चाटावं तशी चांदी बोटांपासून कोपरापर्यंत तो चाटते, मग पान्हा सोडते. तेवढा वेळ मी दारात उभा असतो. हात खिशात.